बेचाळीस पाट्यांचं अक्षर

४ फेब्रुवारी

आज घरात कॉम्प्युटर आला. आला म्हणजे काय, अक्काच्या मुलाने स्वतःसाठी नवा घेतला आणि जुना आमच्या गळ्यात मारला. त्याच्याबरोबर एक चपटी पेटीही आहे. झाकण उघडून आत कागद ठेवला की त्याचं चित्र कॉम्प्युटरमध्ये जातं, आणि हवं असेल तर तीच पेटी छापूनही देते. अक्काने दारातच हात वर केले. "हे धूड माझ्या स्वयंपाकघरात नको. ठेव तुझ्या खोलीत." माझ्या खोलीत आधीच रंगाचे डबे, पत्रे आणि शिडी. आता मी आणि कॉम्प्युटर आळीपाळीने श्वास घेणार.

ही वही खरं तर पाट्यांची मापं लिहायची. लांबी, रुंदी, दुकानाचं नाव, मागचा रंग. फ्लेक्स आल्यापासून मापं येईनाशी झाली. कोरी पानं वाया घालवणं मला जमत नाही, म्हणून ही बडबड.

पण एक मोठं माप दारात येऊन उभं आहे. जुना बाजार पाडून नवी इमारत झाली आहे, बेचाळीस दुकानांची. दुकानदारांच्या संघाने ठरवलंय की सगळ्या पाट्या एकाच अक्षरात हव्यात. संघाच्या सेक्रेटरींनी औषधांच्या दुकानावरची माझी पाटी पाहिली आणि घर शोधत आले. म्हणाले, "बाई, वीस वर्षांत रंग उडाला पण अक्षर नाही हललं. असंच हवंय. फक्त नमुने ईमेलने पाठवा. समितीत नऊ माणसं आहेत, नऊ जणांना कुठे तुमच्या घरी आणू?"

समोर अर्थातच फ्लेक्सवालाही उभा आहे. हे काम मिळालं तर मी पेंटर. नाही मिळालं तर छप्पन्न वर्षांची एक बाई, जिच्या खोलीत विनाकारण शिडी आहे.

७ फेब्रुवारी

तीन दिवस कॉम्प्युटरशी झुंज दिली. शेवटी हात टेकले आणि टिकटिकला बोलावलं.

टिकटिक म्हणजे माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिचे टायपिंगचे वर्ग होते, तेव्हापासून हे नाव. वर्गाच्या खिडकीखालून गेलं तरी वीस मशिनांची टिकटिक ऐकू यायची. वर्ग बंद पडला तशी बाई रडत न बसता कॉम्प्युटर शिकली, आणि आता फ्लेक्सवाल्याच्याच दुकानात मजकूर लावते. म्हणजे शत्रूच्या गोटात. मी तिला तसं म्हणते आणि ती हसते. पोटासाठी करते बिचारी, नवरा अंथरुणाला खिळलेला. या कामाबद्दल मी तिला सगळं सांगितलं. तिच्यापासून मी आजवर काही लपवलेलं नाही.

तक्रार अशी होती की माऊसचा बाण एका जागी ठरत नाही. उड्या मारतो. डबल क्लिक म्हणून दोनदा दाबावं तर तो तीन-चार वेळा धरतो आणि भलतंच काहीतरी उघडतं.

"करून दाखव," टिकटिक म्हणाली. करून दाखवलं. ती पडद्याकडे बघण्याऐवजी माझ्या हाताकडे बघत बसली. म्हटलं, "अगं, तिकडे बघ. बिघाड तिकडे आहे."

"माऊस जुना आहे," ती म्हणाली. "वेग कमी करून देते. जरा जपून वापर, मनगट टेबलावर टेकव."

वेग कमी केल्यावर बाण पुष्कळ शहाणा झाला. ही बाई नसती तर माझं काय झालं असतं?

१० फेब्रुवारी

फोनचा कॅमेरा भिकार आहे. सेक्रेटरींना दाखवायला माझ्या जुन्या पाट्यांचे फोटो काढले, अकराच्या अकरा धूसर. टिकटिकने त्याच फोनने काढले तर स्वच्छ आले. आम्ही दोघी दुपारभर गावभर हिंडलो. न्हाव्याची पाटी, चष्म्याची पाटी, दवाखाना. ती फोटो काढत होती आणि मी प्रत्येक पाटीची कूळकथा सांगत होते.

औषधांच्या दुकानासमोर ती बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, "पेंटर, ही शिरोरेघ तू एका झटक्यात ओढलीस ना?"

एका दमात. बाबांनी शिकवलेली पद्धत ती. आधी सगळी अक्षरं बोडकी लिहायची, मग छातीत श्वास भरून घ्यायचा आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत शिरोरेघ एकाच ओढीत मारायची. मधे श्वास सोडला तर रेघ पुसून पुन्हा. औषधांची पाटी सहा हात लांब आहे. खाली उतरले तेव्हा डोळ्यापुढे काजवे चमकत होते.

टिकटिकला हे शंभरदा सांगून झालंय. तरी आज तिने पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं.

१३ फेब्रुवारी

पेटीची परीक्षा सुरू आहे. टिकटिक म्हणते, पेटी प्रत्येक अक्षर नीट उचलते की नाही हे आधी तपासून घ्यायला हवं, नाहीतर समितीपुढे नाचक्की. म्हणून मला पांढऱ्या कागदावर एकेक अक्षर लिहायला लावते. अ ते ज्ञ. मग बाराखडीचे काने, मात्रे, वेलांट्या सुट्या. मी लिहायचं, तिने पेटीत घालायचं आणि पडद्यावर मोठं करून बघायचं.

क लिहिताना ब्रशचा एक केस सुटा झाला आणि पोटाच्या गोलाला खाली बारीकशी शेपटी आली. मी कागद फाडणार तोच तिने हात धरला. "राहू दे गं, नुसती परीक्षा आहे." दुसरं कोणी असतं तर मी ऐकलं नसतं. माझ्या हातून सदोष क आजवर घराबाहेर गेलेला नाही. पण ती दिवसभर तिथे काम करून संध्याकाळी माझ्याकडे येते, तिला किती राबवायचं?

हल्ली ब्रशही पूर्वीसारखे मिळत नाहीत. एक अक्षर मनासारखं यायला आठ-आठ कागद जातात. टिकटिकने एकदाही घाई केली नाही. चांगल्यातला चांगला कागद निवडून देत होती.

१४ फेब्रुवारी

अक्काने चहा अर्धाच कप दिला. म्हटलं, दुधाचा दुष्काळ पडला की काय? म्हणाली, "लागेल तसा पुन्हा घे." आठवडाभर हेच चाललंय. म्हातारी कंजूष होत चालली आहे.

१८ फेब्रुवारी

आज जोडाक्षरं. क्त, ट्ट, द्ध, श्व, स्त्र, ह्य. मग आकडे. मग पूर्णविराम, स्वल्पविराम आणि कंस. म्हटलं, "टिकटिके, कंसातली पाटी मी जन्मात लिहिलेली नाही. कोणत्या दुकानाचं नाव कंसात असतं?"

"पेटीला सगळं यायला हवं," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता म्हणाली, दमली असावी.

तिच्यासारखी चिकाटी माझ्यात असती तर मी आज कुठल्या कुठे असते. अक्का मात्र कुरकुरते. "इतकी कसली परीक्षा? मुलगा तर म्हणाला, कागद घाल, बटण दाब, झालं." अक्काला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही.

२२ फेब्रुवारी

नमुने गेले! आठ पाट्यांचे फोटो आणि चार नव्या पाट्या कागदावर. पाठवायचं बटण टिकटिकने मला दाबायला लावलं. मी दाबलं तर ते तीनदा गेलं. सेक्रेटरींना एकच ईमेल तीनदा. टिकटिकने माझ्या वतीने माफीची ओळही लिहिली.

निघताना तिने दारात मला मिठी मारली. आमच्यात असलं काही नसतं. शाळा सुटली तेव्हासुद्धा मारली नव्हती. मी म्हटलं, "काय गं, मी काय लढाईला चालले आहे का?" ती चप्पल उलटी घालून निघाली.

२ मार्च

उत्तर नाही. टिकटिक फोन उचलत नाही. तिच्या नवऱ्याचं काहीतरी असणार.

फोन वेडा झालाय. एका नावावर बोट ठेवावं तर शेजारचं लागतं. आज टिकटिकला लावायला गेले आणि सेक्रेटरींना लागला. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "बरे आहात ना?" ते म्हणाले, "मी बरा आहे बाई. तुम्ही कशा आहात? तब्येत?" इतक्या मायेने विचारलं की मला बरं वाटलं. काम मलाच देणार, नाहीतर कोण कशाला तब्येत विचारतं?

९ मार्च

काम गेलं.

उत्तर आल्याचं कॉम्प्युटर दाखवत होता पण उघडेना, म्हणून टिकटिकच्या दुकानाच्या दारात जाऊन उभी राहिले आणि तिला घरी घेऊन आले. तिने वाचून दाखवलं. "आपले अक्षर अत्यंत सुंदर आहे. तथापि उंचीवरील काम, आपली प्रकृती आणि कामाची मुदत लक्षात घेता समितीने संगणकीय पर्याय निवडला आहे."

"प्रकृती? कोणाची प्रकृती? मला काय धाड भरली आहे?"

"तसं लिहायची पद्धत असते गं."

"आणि संगणकीय पर्याय म्हणजे तुझा मालकच ना? त्या पोकळ, इस्त्री केलेल्या अक्षरांनी ते बाजार सजवणार?"

ती म्हणाली, "हो, आमच्याकडेच आलंय." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्यासाठी रडणारं एक माणूस आहे म्हणून मी माझं रडणं आवरलं, आणि उलट तिचीच समजूत घातली. तुझा काय दोष, म्हटलं.

१८ मार्च

टर्पेंटाइन आणायला निघाले होते. नव्या बाजारावरून मुद्दामच जात नाही, पण आज दुसरा रस्ता खणलेला होता. दर्शनी दुकानांवर पाट्या चढवत होते. चार चढल्या होत्या.

पहिली पाहिली आणि वाटलं, ही मी कधी लिहिली?

खरंच असं वाटलं. क्षणभर मी आठवू लागले की हे काम कधी केलं, शिडी कुठे लावली. ल चा तो झोका माझा. र ची तिरकी तंगडी माझी, बाबा तिच्यावरून मला ओरडायचे. "कटलरी व काचसामान." मग जवळ गेले. दोन क होते आणि दोन्हींच्या पोटाला खाली शेपटी होती. पुढची पाटी, "कापड केंद्र". तिथेही दोन क. त्यांनाही शेपटी. तेवढीच, तिथेच. माणसाच्या हातून दोन क एकसारखे होत नाहीत. चार तर शक्यच नाही.

शिरोरेघेला प्रत्येक अक्षरापाशी सांधा होता. तुकडे जोडले होते. श्वास कोणीच धरला नव्हता.

मी तिथेच कटलरीवाल्याच्या पायरीवर बसले. तो म्हणाला, "पेंटरबाई, पाटी झकास झाली हं. तुमचंच अक्षर वाटतं." टर्पेंटाइन न घेताच घरी आले.

१९ मार्च

अ ते ज्ञ. काने, मात्रे. आकडे. कंस. कंस! मी विनोद करत होते आणि ती खाली बघत होती.

आठ-आठ कागदांतून निवडून घेत होती. आणि मी अक्काला म्हणत होते, तिच्यासाठी बिस्किटांचा नवा पुडा फोड.

२० मार्च

काल रात्री ठरवलं होतं की गप्प बसायचं. सकाळी उठले आणि तडक संघाच्या कार्यालयात गेले. तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला अजून चुन्याचा वास. नशीब असं की सेक्रेटरी, फ्लेक्सवाला आणि टिकटिक तिघेही तिथेच होते, उरलेल्या पाट्यांची मापं लावत. टिकटिकच्या हातातली माप घ्यायची पट्टी खाली पडली.

मी सेक्रेटरींना सांगितलं, "हे अक्षर माझं आहे. माझ्या घरातून चोरून नेलंय."

फ्लेक्सवाला हसला. वाईट नाही, मवाळच हसला. "बाई, अक्षराला काय मालक असतो? क म्हणजे क. तुमचा, माझा, सगळ्यांचा."

"मग त्याला शेपटी का आहे ते सांगा," मी म्हटलं. त्याला काय माहीत? त्याने पाटी कधी डोळे उघडून पाहिली असेल तर ना.

सेक्रेटरी भला माणूस. त्यांनी इमारतीचा एक जुना नकाशा काढला, कोरी बाजू वर करून टेबलावर पसरला. म्हणाले, "मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. इथे लिहून दाखवा. 'कापड केंद्र' लिहा. जुळलं तर मी स्वतः समितीपुढे उभा राहतो, काम थांबवतो."

इतकी सोपी गोष्ट होती. पिशवीत माझा ब्रश होता, शाई त्यांच्याकडे होती. बेचाळीस पाट्या त्या कागदावर होत्या. मी क घेतला. गोल बरा आला, दांडा खाली येता येता वाकडा झाला. म्हटलं, टेबल हलतंय. सेक्रेटरींनी दोन्ही हातांनी टेबल धरलं. पुन्हा लिहिलं. डावा हात उजव्याखाली घेतला, मी कधी घेत नाही, तरी घेतला. मग श्वास भरला आणि शिरोरेघ ओढली. रेघ पहिलीतल्या पोराने ओढावी तशी गेली, वर-खाली, वर-खाली, ड पर्यंतही पोचली नाही आणि मीच ब्रश उचलला.

सेक्रेटरींनी टेबल सोडलं. फ्लेक्सवाल्यानेसुद्धा मान फिरवली, आणि ते मला त्याच्या हसण्यापेक्षा जास्त झोंबलं.

सेक्रेटरी हळूच म्हणाले, "जवळपास आहे." मग टिकटिककडे वळले. "तुम्ही तर यांच्या जुन्या मैत्रीण. तुम्हीच सांगा. हे अक्षर कोणाचं आहे?"

मी तिच्याकडे पाहिलं. मला शंकाच नव्हती. चोरी केली असेल, पण तोंडावर विचारल्यावर ती माझं नाव घेईल याची मला खात्री होती. चाळीस वर्षांच्या वर झाली.

ती म्हणाली, "फॉन्ट मी तयार केलाय, साहेब."

खोटं काहीच बोलली नाही. मी नकाशाची घडी घालून बरोबर आणली. कागद गुळगुळीत होता, त्यावर ब्रश धरत नाही. आणि मी रागात होते. रागात कोणाचाही हात हलतो.

२१ मार्च

अक्काला सगळं सांगितलं. ती फ्लेक्सवाल्याचा उद्धार करेल, टिकटिकची सात पिढ्यांची धुलाई करेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "हात पुढे कर."

केला.

"बघ."

बघितलं. मला काही फार दिसलं नाही. थोडं असेल. थंडीने होतं.

"मार्च चाललाय, धाकटे," ती म्हणाली. "थंडीचं सोड, गेल्या उन्हाळ्यापासून मी बघते आहे. तू शर्टाची बटणं लावायची सोडून डोक्यावरून घालायचे झगे घ्यायला लागलीस. चहा बशीत सांडायला लागला."

"म्हणून अर्धा कप?"

"म्हणून अर्धा कप."

"आणि तिला?"

"तिला पहिल्या दिवशीच कळलं. मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, माऊस ठीक आहे, अक्का, तिला सांगू नका. मी म्हटलं, नाही सांगत."

म्हणजे अक्कासुद्धा. दोघींनी मिळून माझ्यापासून माझाच हात लपवला. समितीलाही कळवलं, म्हणूनच सेक्रेटरी तब्येत विचारत होते. गावाला माहीत, बाजाराला माहीत, मलाच पत्ता नाही. मी अक्काशी बोलणार नाही असं सांगून खोलीत आले. जेवायला हाक मारली तेव्हा गेले, पण बोलले नाही.

अक्काने डॉक्टरांची वेळ घेतली आहे. गोळी देतील. मग बघते एकेकाला.

२६ मार्च

टिकटिक आली. अक्काने दार उघडलं, मी उघडलं नसतं. ती माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहिली. बस म्हटलं नाही.

"मालक म्हणाला, ते अक्षर आण, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. मला या वयात दुसरीकडे कोण ठेवेल?"

"मला विचारायचं होतंस."

"दिलं असतंस?"

"नाही."

"मग?"

हे तिने अगदी सरळपणे विचारलं. मग म्हणाली, "आणि काम तुला मिळालं असतं तर तू शिडीवर चढली असतीस. बेचाळीस वेळा. पडली असतीस गं."

"पडले असते. माझं हाड मोडलं असतं, माझं मी बघितलं असतं. हात थरथरतो हे तोंडावर का नाही सांगितलंस? रोज येत होतीस. रोज."

"रोज वाटायचं, आज सांगू," ती म्हणाली. "माऊसचा वेग कमी केला की त्या दिवसापुरतं बोलणं टळायचं."

"सेक्रेटरींना मात्र सांगता आलं."

त्यावर ती डब्यांकडे बघू लागली. म्हणजे तीच होती. मी पाठ फिरवली आणि ब्रश पुसत बसले, कोरडे ब्रश. ती गेल्यावर पाहिलं तर डब्यांवर एक पाकीट ठेवलेलं होतं. आत बोटाएवढा पेन ड्राइव्ह आणि चिठ्ठी, "सगळी अक्षरं यात आहेत. तुझ्याकडेही असावीत." टाईप केलेली. माझ्याच अक्षरात.

पाकीट खिडकीतून फेकणार होते. फेकलं नाही. फेकलं असतं तर कोणाच्या तरी हाती लागलं असतं, आणखी एक फ्लेक्सवाला.

४ एप्रिल

हे पान हाताने लिहिलेलं नाही. छापून वहीत चिकटवणार आहे.

डॉक्टर बोलले ते अक्काने ऐकलं. मी अर्धं ऐकलं. गोळ्या आहेत. कमी होईल म्हणाले, जाईल असं म्हणाले नाहीत, पण डॉक्टर कधीच सगळं सांगत नाहीत.

संघाला पत्र लिहायचं ठरवलं आहे. रीतसर. हे अक्षर माझं आहे, अमुक दिवशी, माझ्या घरी, माझ्या हातून काढून घेतलं. हाताने लिहायला घेतलं तर दुसऱ्याच ओळीत कळलं की हे पत्र वाचून उलट त्यांचीच खात्री पटेल. म्हणून पेन ड्राइव्ह काढला. लावला. पडद्यावर काहीतरी आलं आणि पुढे सरकेना. अक्काचा मुलगा परगावी. दुसरं विचारणार कोणाला? तासभर फोनकडे बघत बसले, मग तिलाच लावला. बोट बरोबर नावावर पडलं, पहिल्याच वेळी.

तिने एका घंटीत उचलला. "हॅलो" नाही, काही नाही.

मी म्हटलं, "अक्षरं बसत नाहीत."

"फाईलवर दोनदा क्लिक कर."

"केलं."

"खिडकी उघडेल. तिच्यावर 'इन्स्टॉल' लिहिलंय का? ते दाब. सावकाश. मनगट टेक."

"टेकलंय."

"झालं?"

"झालं."

"आता लिहून बघ काहीतरी."

मी क दाबला. आला. शेपटीसकट, ताठ, न हलता. अजून एक दाबला. मग माझं नाव लिहिलं. औषधांच्या पाटीच्या कोपऱ्यात आहे तसं आलं. मी वीस वर्षांपूर्वी लिहीत होते तसं. बराच वेळ बघत राहिले. फोनवर तिचा श्वास ऐकू येत होता, तिने ठेवला नव्हता.

पत्र पुरं केलं, ती तिथेच असताना, एकेक अक्षर शोधत. तीसुद्धा थांबली. एकदा म्हणाली, "जोडाक्षराला मधे पाय मोडायचं बटण दाबावं लागतं," तेवढंच. खाली सहीची जागा सोडली. मग एक जागा आणखी सोडली, साक्षीदाराची.

मी विचारलं, "येऊन सही करशील? एकदाच सांग त्यांना, कोणाचं आहे. बाकी मी तुला काही विचारणार नाही."

पलीकडून तिच्या नवऱ्याच्या खोकण्याचा आवाज आला. मग भांडं ठेवल्याचा. मी वाट बघितली. नकाशासमोर बघितली होती तेवढीच, किंवा थोडी जास्त.

ती म्हणाली, "छापायचं असेल तर आधी प्रिंटर चालू कर."

मी प्रिंटर चालू केला.